बाळगुटीतले मायफळ आणि त्यातला बिऱ्हाडकरू

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली : मधुमेह, रक्तदाब आणि मानसिक ताणतणाव हे तीन विषय सोडून कशावरही लिहावे. आपल्या मंडळातील बहुतेक सभासद या तिन्ही विषयांचे केवळ अभ्यासकच नव्हेत तर भोक्तेही असल्यामुळे ही अट मला फारच समंजस वाटली. म्हणून आज मी एका सुपारीएवढ्या वस्तूविषयी लिहिणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या पोटात ती वस्तू, बोलताही येत नव्हते त्या वयात, गेलेली आहे. ती नेमकी काय आहे हे वैद्यकीय व्यवसाय सुरू करून बरीच वर्षे होईपर्यंत मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नसल्याची किंमत मला मोजावी लागली.

कोळारला दवाखाना थाटून जेमतेम दोन वर्षे झाली होती. आषाढातल्या एका सकाळी एक आजी आपल्या सुनेसह तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाला दोन दिवसांपासून जुलाब होत होते. टाळू खोल गेलेली, जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही. चौकशी करता रोज सकाळी बाळगुटी दिली जाते, असे समजले. तरुण डॉक्टरला अपराधी सापडला की त्याला जो आनंद होतो, तो मलाही झाला. मी आजींना बाळगुटीचे गाठोडे घेऊन यायला सांगितले आणि ते टेबलावर उलगडल्यावर, "हे सगळे आधी उकिरड्यावर टाका", असे फर्मावले.

आजी शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी त्या गाठोड्यातून एक करडी, खडबडीत, गोल वस्तू उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"ह्ये काय हाय, ठाव हाय का डाक्टर?"

"मायफळ", मी म्हणालो. "एक फळ आहे."

"फळ हाय, तर ह्याची बी कुठं हाय ओ? खारकंला बी हाय. हिरड्याला बी हाय. जायफळ म्हंजे बीच की. ह्याला बी न्हाई, नुसतं भोक हाय."

मी निरुत्तर झालो. अर्थात तसे दाखवले नाही. सलाईन आणि क्षारसंजीवनी यांनी तीन दिवसांत बाळ खडखडीत बरे झाले. आजींनी मला आशीर्वाद दिला, गाठोडे पुन्हा नीट बांधले आणि घरी नेले. जी वस्तू काय आहे हेच ज्याला सांगता येत नाही, त्याने ती टाकून द्या म्हटले तर कोण टाकील? त्या घरातले पुढचे बाळ माझ्याकडे आले नाही.

ती वस्तू फळ नव्हतीच. मायफळ म्हणजे ओक वृक्षाच्या कोवळ्या फांदीवर आलेली गाठ. इंग्रजीत तिला गॉल म्हणतात. हिमालयात ओकच्या जाती आहेत, तिथले लोक त्यांना बांज वगैरे नावांनी ओळखतात. परंतु मायफळ ज्यावर येते तो ओक आपल्या देशातला नव्हे. इराण, इराक, सीरिया, तुर्कस्तान आणि ग्रीस येथील कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारा तो एक खुजा, वेडावाकडा वृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव क्वेर्कस इन्फेक्टोरिया. 'इन्फेक्टोरिया' हा शब्द वाचून आपल्या मंडळींचा हात लगेच प्रतिजैविकाकडे जाईल, पण लॅटिनमध्ये 'इन्फेक्टर' म्हणजे रंगारी. रंगाऱ्याच्या उपयोगी पडणारा ओक, एवढाच त्या नावाचा अर्थ. फारसीत या गाठीला माजू म्हणतात. त्यावरून आपल्या दख्खनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचे माजूफल आले. कन्नडमध्ये तिला माचिकायी म्हणतात. म्हणजे तिन्ही भाषांनी तिला फळच ठरवले आणि तिन्ही भाषा फसल्या. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तीन भाषांचे असे एकमत इतर कोणत्या विषयावर झाल्याचे माझ्या स्मरणात नाही.

ही गाठ येते ती एका चिमुकल्या माशीमुळे. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, पण आकाराने मुंगीएवढी आणि कोणाला कधी न डसणारी अशी ही माशी. कीटकशास्त्रज्ञ तिच्या कुळाला सिनिपिडी म्हणतात. या कुळात हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जातींचा संसार ओकवरच चालतो. मादी आपल्या सुईसारख्या अवयवाने ओकच्या कोवळ्या अंकुरात अंडे घालते. अंड्यातून अळी निघते आणि तिच्याभोवती वृक्ष एक घर बांधू लागतो. 'घर बांधू लागतो' हे मी अलंकारिक भाषेत म्हणत नाही. मायफळ मधोमध चिरून भिंगाखाली पाहिले तर त्याची रचना एखाद्या अवयवासारखी रेखीव दिसते. अगदी मध्ये अळीची कोठडी. तिच्या आतल्या बाजूला पौष्टिक द्रव्यांनी भरलेल्या पेशींचे अस्तर. अळी हे अस्तर कुरतडून खाते. त्याभोवती कठीण पेशींचे कवच. त्याबाहेर टॅनिन या अतिशय तुरट द्रव्याने भरलेला जाड थर, म्हणजे शत्रूने चावा घेतला तर त्याचे तोंड वाकडे व्हावे अशी तजवीज. सर्वांत बाहेर खडबडीत साल. बाळाच्या पाळण्याला तट, खंदक आणि तोफा, असे बीदरच्या किल्ल्यासारखे हे बांधकाम आहे.

एवढा बंदोबस्त असूनही किल्ला पडतोच. इतर काही माश्या बाहेरून लांब सुई खुपसून आतल्या अळीवर आपले अंडे घालतात आणि त्यांची अळी मूळ मालकिणीलाच खाते. काही कीटक नुसते भाडेकरू म्हणून राहतात; स्वतःला गाठ करता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या गाठीत खोली अडवून बसतात. त्यामुळे गाठीतून शेवटी कोण बाहेर पडेल हे आधी सांगता येत नाही.

डॉक्टर वाचकांसाठी एक मजेची गोष्ट. गाठीतल्या अळीची जठराकडील नळी आणि गुदमार्ग हे वाढीच्या काळात एकमेकांना जोडलेलेच नसतात. पूर्ण वाढ होऊन कोशावस्थेत जाण्याची वेळ येईपर्यंत ती एकदाही मलविसर्जन करीत नाही. कोठडी स्वच्छ राहते. 'चार दिवस झाले, बाळाला शी झाली नाही' म्हणून धास्तावून येणाऱ्या मातांना हे सांगावे असे मला नेहमी वाटते, पण अजून धीर झालेला नाही.

आता आपल्या नेहमीच्या विचाराने पाहता, पेशींची अवास्तव वाढ म्हटली की अर्बुद आठवते. वनस्पतींनाही खरीखुरी अर्बुदे होतात. १९०७ साली स्मिथ आणि टाउनसेंड या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की काही झाडांच्या बुंध्याशी येणारी गाठ एका जीवाणूमुळे होते. पुढे १९७७ साली सिद्ध झाले की तो जीवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. मग जीवाणू मारला तरी गाठ वाढतच राहते, कारण पेशीच बिघडलेली असते. आपल्याला परिचित असलेला कर्करोगाचा स्वभाव हाच. ओकवरची गाठ तशी नाही. अळी मेली की तिची वाढ थांबते. अळी पूर्ण वाढली की गाठही पूर्ण होते आणि तिथेच थांबते. तिला ठरलेला आकार आहे, ठरलेले थर आहेत, ठरलेले आयुष्य आहे. एकाच ओकवर दहा जातींच्या माश्यांनी अंडी घातली तर दहा वेगवेगळ्या आकारांच्या गाठी येतील. झाड तेच, पेशी त्याच, परंतु नकाशा माशीचा. पानाचे हुकूम झाडाकडे असतात, फळाचे हुकूम झाडाकडे असतात. या तिसऱ्या वस्तूचे हुकूम एक अळी आपल्या स्रावांतून देते आणि झाड ते मानते. विच हेझेल नावाच्या झुडपावर मावा जातीचा एक कीटक गाठी करतो. त्याच्या लाळग्रंथींतील विशिष्ट जनुकांवर गाठीचा रंग अवलंबून असतो, असे २०२१ साली अमेरिकेत दाखवण्यात आले. ओकवरच्या माशीचे हुकूम असे अक्षरशः वाचून काढण्याचे काम अजून चालू आहे.

या विषयाचा इतिहास वाचताना मला सर्वांत मोठे नवल वाटले ते याचे की, गाठींचे कोडे सोडवणारी माणसे पुष्कळदा आपल्याच पेशातली होती. फ्रान्सेस्को रेडी हा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा राजवैद्य. मांस झाकून ठेवले तर त्यात अळ्या पडत नाहीत, हे त्याने १६६८ साली प्रयोगाने दाखवले आणि सडक्या पदार्थांतून किडे आपोआप उपजतात या समजुतीवर पहिला घाव घातला. तोच रेडी ओकच्या गाठीपाशी मात्र अडखळला. बंद गाठ, बाहेरून कुठे छिद्र नाही, आणि आत जिवंत अळी! झाडाच्या अंगची जीवनशक्तीच हा कीटक निर्माण करीत असावी, असे त्याने लिहून ठेवले. मला हे वाचून फार धीर आला. एवढा मोठा माणूस जिथे चुकला तिथे मी त्या आजींपुढे गप्प बसलो यात विशेष ते काय!

मग आला मार्चेल्लो मालपीगी. मूत्रपिंडाच्या अभ्यासात आपण सर्वांनी ज्याचे नाव घोकले आहे आणि ज्याने १६६१ साली केशवाहिन्या दाखवल्या, तोच हा बोलोन्याचा वैद्य. १६७९ साली वनस्पतींच्या शरीररचनेवरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने गाठींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, सुंदर आकृत्या काढल्या, आणि ओकच्या कळीत अंडे घालणारी माशी आपण डोळ्यांनी पाहिली असल्याचे सांगितले. छिद्र दिसत नाही, कारण अंडे घातले जाते तेव्हा गाठच नसते. गाठ नंतर वाढते.

तरी एक गोंधळ उरलाच होता. एका गाठीतून निघालेल्या माश्या पुन्हा तशीच गाठ करताना कोणाला दिसेनात. शिवाय काही जातींत नर म्हणून सापडतच नव्हता. हा गोंधळ सोडवला तो जर्मनीतील श्लेस्विग या गावच्या हेर्मान आडलर नावाच्या डॉक्टरने. दवाखाना सांभाळून त्याने कुंड्यांत लहान ओक वाढवले, त्यांवर माश्या सोडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्या. त्याला आढळले ते असे : शरद ऋतूत पानाच्या मागे येणाऱ्या चपट्या टिकलीएवढ्या गाठींतून केवळ माद्या निघतात आणि त्या नराविनाच अंडी घालतात. त्या अंड्यांपासून वसंतात द्राक्षासारख्या गोल गाठी येतात आणि त्यांतून नर व मादी दोन्ही निघतात. त्यांच्या मीलनानंतरची अंडी पुन्हा टिकल्या देतात. ज्यांना शास्त्रज्ञांनी दोन निरनिराळ्या वंशांत घातले होते, त्या माश्या आई आणि लेक निघाल्या! कन्या आजीसारखी दिसते, आईसारखी नाही. आडलरचा ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध झाला. १८९४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि ते करणारा चार्ल्स स्ट्रॅटन हाही शल्यचिकित्सकच होता. रुग्ण तपासून झाल्यावर आपण उरलेल्या वेळात काय करतो, हा प्रश्न मी इथे विचारणार नाही.

आणखी एक नाव सर्वांना ठाऊक आहे, पण भलत्याच कारणासाठी. मानवी लैंगिक वर्तनावरील १९४८ आणि १९५३ सालच्या अहवालांमुळे जगभर गाजलेले आल्फ्रेड किन्सी हे मुळात या माश्यांचे अभ्यासक. इंडियाना विद्यापीठात असताना त्यांनी लाखो गाठी आणि माश्या जमवल्या, प्रत्येकीची मोजमापे घेतली आणि १९३० साली त्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो संग्रह आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे. कोणतेही दोन जीव तंतोतंत सारखे नसतात आणि 'सर्वसामान्य' ही फार निसरडी कल्पना आहे, हे त्यांनी प्रथम माश्यांत पाहिले आणि मग माणसांत.

आता आजींच्या भोकाकडे वळतो. माशीची वाढ पूर्ण झाली की ती आतून कुरतडत येते आणि एका गोल छिद्रातून बाहेर पडते. मायफळाला असलेले भोक म्हणजे बिऱ्हाडकरूने जागा सोडल्याची खूण. व्यापारात हे शतकानुशतके माहीत होते. माशी आत असतानाच तोडलेली गाठ निळसर किंवा हिरवट, जड आणि घट्ट असते. तिला उत्तम समजत. माशी निघून गेल्यानंतरची गाठ पांढुरकी, हलकी आणि भोकाची. ती दुय्यम, कारण तिच्यात तुरटपणा कमी. सीरियातील हलब, ज्याला इंग्रज अलेप्पो म्हणतात, या शहराच्या नावाने हा माल जगभर विकला जाई. चांगल्या मायफळात निम्म्याहून अधिक, कधी कधी सत्तर टक्क्यांपर्यंत टॅनिन असते. शेले या स्वीडिश औषधविक्रेत्याने १७८६ साली त्यातूनच एक आम्ल वेगळे काढले आणि गॉलवरून त्याला गॅलिक आम्ल हे नाव मिळाले.

हे टॅनिन लोहाला भेटले की काळेभोर होते. हिराकस, म्हणजे लोहाचा सल्फेट, मायफळाच्या पाण्यात घालून थोडा डिंक मिसळला की शाई तयार. युरोपात शेकडो वर्षे दस्तऐवज आणि ग्रंथ याच शाईने लिहिले गेले. आपल्याकडील पोथ्यांची शाई मुख्यतः काजळाची. परंतु फारसी लेखनिकांना काजळाच्या जोडीला माजू वापरण्याची कृती ठाऊक होती. इराणच्या गिलान प्रांतातून आलेल्या महमूद गवानने १४७२ साली बीदरला मदरसा उभारला. तेथून जाताना आता मला त्या भव्य मिनाराबरोबर दौतीतले माजूही आठवते. बिदरी भांड्यांचा काळा रंग मात्र यातला नव्हे, हे कलाप्रेमी वाचकांसाठी सांगून ठेवतो. तो जस्ताच्या मिश्रधातूवर किल्ल्यातील माती आणि नवसागर यांची करामत आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात तर या गुणाचा उपयोग भेसळ पकडण्यासाठी सांगितला आहे. मायफळाच्या रसात भिजवलेला पपायरस जंगालाला लावावा. तो काळा पडला तर त्यात हिराकस मिसळलेला आहे. आपल्या प्रयोगशाळांतील रंग बदलणाऱ्या पट्ट्यांची ही पणजी.

दातांना लावायचे दातवण आणि दख्खनी घरांतली मिस्सी हीसुद्धा याच घराण्यातली. मायफळ आणि हिराकस एकत्र कुटून स्त्रिया दात काळे करीत. माझ्या आजीचे दात तसेच काळे होते. लहानपणी आम्हाला ते किडलेले वाटत. खरे म्हणजे त्यांवर शाई चढलेली होती.

औषधात मायफळ जगभर होते. कषाय रसाचे, स्तंभन करणारे, म्हणून आपल्याकडे अतिसारात, हिरड्यांतून रक्त येत असता आणि मूळव्याधीवर दिले गेले. ब्रिटिश फार्माकोपियात मूळव्याधीसाठी मायफळ आणि अफू यांचे मलम होते. त्यातल्या टॅनिक आम्लाची कथा मात्र आपण डॉक्टरांनी विसरू नये अशी आहे. १९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या डेव्हिडसन यांनी भाजलेल्या जखमांवर टॅनिक आम्लाचे द्रावण फवारण्याची पद्धत सांगितली. जखमेवर कातड्यासारखी घट्ट खपली धरे. पंधरा-सतरा वर्षे हा उपचार सर्वत्र रूढ होता. मग १९४० नंतर लक्षात येऊ लागले की जखमेतून शोषले गेलेले टॅनिक आम्ल यकृताच्या पेशी मारते, आणि तो उपचार मागे पडला. एवढ्यावर आपण शहाणे झालो नाही. आतड्याच्या क्ष-किरण तपासणीत चित्र स्पष्ट यावे म्हणून बेरियमच्या बस्तीत टॅनिक आम्ल मिसळत असत. १९६० च्या दशकात त्यामुळे लहान मुले दगावल्याचे अहवाल आले, तेव्हा तेही थांबले. मायफळ सहाणेवर एक वळसा उगाळणे आणि शुद्ध टॅनिक आम्ल ग्रॅमने शरीरात सोडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण 'पूर्वापार आहे म्हणून निरुपद्रवी' आणि 'प्रयोगशाळेतून आले म्हणून निर्धोक' ही दोन्ही वाक्ये मी तेव्हापासून सोडून दिली.

बाळगुटीत मायफळ एकटे नाही. काकडशिंगी हीदेखील गाठच आहे, पश्चिम हिमालयातील एका पिस्त्याच्या जातीच्या झाडावर मावा या कीटकाने केलेली. शिंगासारखी पोकळ गाठ फोडली तर आत मेलेल्या माव्याची पूड सापडते. आमच्या एका कट्टर शाकाहारी स्नेह्यांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ स्वतःच्या बालपणाचा विचार करीत बसले. मी त्यांना म्हटले, गाणगापूरला जाऊन औदुंबराखाली बसता ना? तिथले पिकलेले उंबर फोडून पाहा. उंबराच्या आतल्या फुलांत एक बारीक माशी अंडी घालते, त्या फुलांच्या गाठी होतात, आणि त्या बदल्यात ती माशी उरलेल्या फुलांचे परागीकरण करते. माशी नसेल तर उंबराला बी धरणार नाही आणि नवा औदुंबर उगवणार नाही. ओकवरच्या माशीचे कूळ वेगळे आणि ती झाडाला असा काही मोबदलाही देत नाही. पण युक्ती तीच. रस्त्याकडेच्या करंजाच्या पानांवर फोडांसारख्या गाठी दिसतात त्या कोळीवर्गीय सूक्ष्म जीवांच्या, सप्तपर्णीच्या पानांवरच्या आणखी तिसऱ्याच कीटकाच्या. आणि निलगिरीची रोपे ज्या गाठींनी खुरटतात, ती ऑस्ट्रेलियातून पसरलेली माशी तर २००४ साली प्रथम शास्त्रीय नावानिशी नोंदली गेली. तिने कर्नाटकातल्या निलगिरीलाही सोडले नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात एक बाई सात महिन्यांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. नात फिकट होती, हिमोग्लोबिन कमी होते. नाव-गाव विचारताना त्यांनी स्वतःच ओळख दिली. आषाढातल्या त्या सकाळी टेबलापलीकडे गप्प उभी असलेली सून ती हीच. सासूबाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. बाळगुटीचे गाठोडे मात्र होते, आणि रोज सकाळी नातीला गुटी आणि त्यावर लगेच लोहाचे थेंब, असा क्रम चालला होता.

या वेळी मी काही टाकून द्यायला सांगितले नाही. प्रथम त्यांच्या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर दिले. बी नाही, कारण ते फळ नाही. ते एका माशीचे घर आहे. भोक आहे ते माशी गेल्याचे. मग त्यांची सहाण घेतली, उकळून गार केलेल्या पाण्यात मायफळाचे चार-पाच वळसे दिले आणि त्या पिवळट पाण्यावर नातीच्याच बाटलीतले लोहाचे दोन थेंब सोडले. बघता बघता सहाण निळसर काळी झाली.

"अगंबाई", त्या म्हणाल्या, "ह्ये तर दातवण!"

"तेच. आणि तुमच्या नातीच्या पोटात रोज हेच होतंय. लोह त्या काळ्यात अडकून पडतं, रक्तात कमी जातं."

मग बाकीचे सांगणे सोपे गेले. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालापासून हेच सांगितले आहे, आणि त्यात बाळगुटीही येते. वेखंड तर नकोच. त्यातील तेलाच्या एका घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. मी हेही कबूल केले की त्यांच्या मुलाला तेव्हा जुलाब झाले ते मायफळाने नव्हेत. मायफळ जुलाब थांबवणारे आहे. दोष बहुधा आषाढातल्या गढूळ पाण्याचा आणि न धुतलेल्या सहाणेचा होता, आणि मी भलत्यालाच फाशी दिली होती. नातीची गुटी बंद करायची, थेंब चालू ठेवायचे, नाचणी, डाळ आणि पालेभाजी सुरू करायची, असे ठरले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले.

उठताना त्यांनी गाठोड्यातली मायफळे हातावर घेतली आणि एकेक उलटसुलट करून पाहिली. तीन होती. तिन्हींना भोक होते.

"म्हंजे अत्तारानं बिगरमाशीची दिली की ओ", त्या म्हणाल्या. "आन् पैसे सारखेच घेतले."